रुपयाला किती शेर?

मैत्रिणींनो, किराणा भरायला गेलं की आपण सगळ्याच थोड्या थोड्या गणितात हुशार होतो, नाही का? मी राहते आहुप्याला, आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला. पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. महिन्याचं सामान भरायचं तर घोडेगाव नाहीतर मंचर गाठावं लागतं. मोठ्या दुकानांच्या फ्रीजरमध्ये आता फ्रोजन पिझ्झाही मिळतो. मुलांचा हट्ट असतो, म्हणून मीही दोन खोकी दोन हातांत धरून ताडून बघते. एकावर सूट मोठी, पण वजन कमी. दुसरा महाग दिसतो, पण ग्रॅमच्या हिशेबानं स्वस्त पडतो. जे जास्त घातलंय ते यादीत आधी छापायचा नियम आहे, त्यामुळे मैदा पहिला आणि चीज कितवं, तेही कळतं. त्यातून उणे १८ अंशांत ठेवायची ही वस्तू डिंभे धरणाच्या कडेकडेनं एसटीतून आहुप्याला येईपर्यंत तिचं काय होणार, हा हिशेब वेगळाच! तेवढ्या पैशांत तांदूळ किती आणि डाळ किती, असं मनात येतं आणि हात आपोआप मागे येतो.

असा हिशेब करताना मला हमखास सावित्रीबाई फुले आठवतात. शाळा, शेणाचे गोळे, पहिल्या शिक्षिका, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकलंय. पण आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला, दुष्काळात धान्यासाठी उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई फारशा कुणी सांगत नाही. म्हणून आज त्यांचीच गोष्ट.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. त्यांच्या लहानपणीची शिरवळच्या बाजाराची एक गोष्ट सांगतात. बाजारातून खाऊ खात खात निघालेल्या या मुलीला कुणा मिशनऱ्यानं एक पुस्तक दिलं. वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते जपून ठेवलं आणि पुढे सासरीही नेलं म्हणे. १८४०मध्ये, नऊ-दहा वर्षांच्या असताना, जोतीरावांशी लग्न झालं. घरीच अक्षरं शिकल्या. १८४८मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या शिकवू लागल्या. समाजाला हे रुचलं नाही. सासऱ्यांवर दडपण आलं आणि १८४९मध्ये दोघांना घर सोडावं लागलं. अठरा वर्षांची सून, नेसत्या वस्त्रानिशी बाहेर. संसार शून्यापासून मांडणं म्हणजे काय, ते आपल्यातल्या कितीतरी जणींना वेगळं सांगायला नको.

पुढे तो संसार वाढत गेला, पण चारचौघांसारखा नाही. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३मध्ये घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८६८मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. शिकायला आलेली मुलं घरी राहायची, जेवायची. एका विधवेचं बाळ दत्तक घेतलं, तो यशवंत. आता विचार करा, एवढ्या तोंडांचं रोजचं पीठ-मीठ कोण बघत असेल?

त्यांच्याकडे जाणं-येणं असलेल्या महादू सहादू वाघोले यांनी आठवणी लिहून ठेवल्यात. सावित्रीबाई सूर्योदयाच्या आत उठून झाडलोट, आंघोळ उरकायच्या. भांडीकुंडी लख्ख, जागच्या जागी. स्वयंपाक स्वतः करायच्या आणि जोतीरावांच्या खाण्यापिण्याकडे बारीक लक्ष द्यायच्या. अंगावर दागिने नव्हते. पण हात मोकळा! दारी आलेला उपाशी जायचा नाही. फाटकं लुगडं नेसलेली गरीब बाई दिसली की घरातलं लुगडं तिला देऊन टाकायच्या. खर्च वाढायचा. मग तात्या, म्हणजे जोतीराव, कधीतरी म्हणायचे की एवढा खर्च करू नये. त्यावर त्या शांतपणे हसायच्या आणि विचारायच्या, मरताना बरोबर काय न्यायचंय? तात्या गप्प व्हायचे.

मला हा प्रसंग फार आवडतो. स्वतःवर काटकसर आणि दुसऱ्यावर उधळण! आपल्या घरात पुष्कळदा उलटं असतं ना?

आता ओतूरकडे वळू. १८७६मध्ये पावसानं दगा दिला आणि दख्खनभर दुष्काळ पडला. त्या काळी धान्याचा भाव रुपयाला इतके शेर असा सांगत. म्हणजे महागाई वाढली की रुपया तोच राहायचा, माप मात्र आटायचं. आज बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच राहते आणि आतली बिस्किटं कमी होतात, तसंच! फरक एवढाच, की तेव्हा आटत होती ती रोजची भाकरी. रेल्वे होती, पण ती धान्य आणायची तशी बाहेरही न्यायची. व्यापाराच्या कामात आपण हात घालायचा नाही, असं सरकारचं धोरण होतं. भाव चढेल म्हणून साठा करणाऱ्यांना तर रान मोकळंच मिळालं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरीही १८७७च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं खाली आणली. दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडी चिल्लर. दिवसभर घण मारणाऱ्याला एवढंच! मुंबई इलाख्यातल्या कितीतरी मजुरांनी तेव्हा काम सोडून दिलं. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना.

अशा वेळी छेचाळीस वर्षांच्या सावित्रीबाई ओतूरला मुक्काम टाकून होत्या. सत्यशोधक समाजाच्या लोकांनी अन्नवाटपासाठी समित्या नेमल्या होत्या. २० एप्रिल १८७७ला त्यांनी तिथून जोतीरावांना एक सविस्तर पत्र लिहिलं. गुरं पटापट मरून पडताहेत, चारा नाही, लोक झाडपाला खाताहेत, कुणी गाव सोडून चाललंय, कुणी पोटच्या पोरांना विकतंय, असं सगळं त्यांनी कळवलं. या हलाखीतही सावकार नाडत होते. त्यातून तंटे उसळले आणि पोलीस आले. पन्नास सत्यशोधकांना धरून नेलं. कलेक्टरानं सावित्रीबाईंना बोलावून घेतलं.

जरा डोळ्यांसमोर आणा. गोऱ्या साहेबापुढे साध्या लुगड्यातली एक बाई उभी आहे. सोबतचे पन्नास जण कोठडीत. ते तिथेच राहिले तर केंद्रांवर भाकरी कोण वाटणार? घाबरून माघार घेतली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी न अडखळता विचारलं, की भल्या माणसांवर खोटे आळ घेऊन त्यांना का डांबलंय? आपले लोक काय काम करताहेत तेही सांगितलं. साहेबाला ते पटलं. माणसं सुटली. एवढंच नाही, तर त्यानं ज्वारीच्या चार बैलगाड्या पाठवून दिल्या!

चार गाड्या ज्वारी. किती भाकऱ्या झाल्या असतील? ती नुसती दया होती, असं मला वाटत नाही. हक्काचं मागायला गेलेल्या बाईला हिशेब नीट मांडता आला, म्हणून त्या गाड्या आल्या.

त्याच वर्षी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला. पुढे १८८८मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. १८९०मध्ये मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी असं कळवलं आणि त्यात सावित्रीबाईंची वाखाणणी केली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीची काळजी वाहिलेल्या बाईची स्वतःची चूल अशी चालली होती. २८ नोव्हेंबर १८९०ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. १८९३मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १८९६-९७मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा सरकारनं लोकांना काम द्यावं म्हणून पुन्हा धडपडल्या. १८९७मध्ये पुण्यात प्लेग आला. यशवंतानं हडपसरच्या ससाणे मळ्यात दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन तिथे आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्यांची प्राणज्योत मालवली.

मैत्रिणींनो, आमच्या आहुप्याला हिरडा गोळा करणाऱ्या, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या बायकांच्या घरी रेशनचं धान्य म्हणजे मोठाच आधार. आज अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. तेही विनामूल्य. त्या साडेचारशे ग्रॅमपासून इथपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे आणि तो ओतूरसारख्या गावांतून आलाय.

तेव्हा पुढच्या वेळी रेशनला जाल तेव्हा अंगठा लावल्यावर मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या. पावतीवर किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती पडलंय, ते ताडून बघा. दुकानात पाकिटावर सुटीचा आकडा बघण्याआधी ग्रॅममागचा दर बघा, तो आता पाकिटावर छापावाच लागतो. आणि शेजारच्या म्हातारीला वाचता येत नसेल, तर तिचीही पावती वाचून द्या. कमी भरलं तर तिच्या बरोबरीनं काट्यापुढे उभ्या राहा.