डॉ. पांडुरंग खानखोजे : मक्याच्या शेतात विसावलेला सैनिक

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने रंगविलेल्या एका भित्तिचित्रात मेजाभोवती माणसे जेवायला जमली आहेत आणि मधोमध बसलेला पुरुष पाव मोडून वाटतो आहे. त्या पुरुषाला चेहरा लाभला आहे तो वर्ध्यात जन्मलेल्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा.

हा माणूस मुळात शेतीसाठी परदेशी गेलाच नव्हता. टिळकयुगात वाढलेल्या या तरुणाला लष्करी शिक्षण हवे होते. पारतंत्र्यातील देशात ते मिळणे शक्य नव्हते, म्हणून जपानमार्गे तो अमेरिकेला पोहोचला. मिळेल ते काम करीत त्याने कॅलिफोर्नियातील टमालपाइस लष्करी शाळेत प्रवेश मिळविला, आणि शेतीशास्त्राचे शिक्षणही घेतले. पुढे पॅसिफिक किनाऱ्यावरील स्थलांतरित पंजाबी मजूर व शेतकऱ्यांतून 1913 साली गदर चळवळ उभी राहिली. तिच्या लष्करी बाजूच्या आखणीत खानखोजे अग्रभागी होते.

1914 साली महायुद्ध पेटले. ब्रिटनच्या बाजूने दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले. खानखोजे विरुद्ध बाजूने निघाले. तुर्कस्तानमार्गे इराणात उतरून, तेथील टोळ्यांना हाताशी धरून बलुचिस्तानातून हिंदुस्थानात शिरायचे, असा तो बेत होता. तो फसला. खानखोजे जखमी झाले, ब्रिटिशांच्या हाती सापडले, निसटले, आणि कश्गाई टोळ्यांच्या आश्रयाने लढत राहिले. त्यांचे सहकारी सूफी अंबाप्रसाद यांचा इराणातच अंत झाला. गदर चळवळीतील तळेगावचे विष्णू गणेश पिंगळे 1915 साली लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. खानखोजे मात्र वाचले. हुतात्म्यांच्या यादीत नाव नाही, कोणत्याही सैन्याचे निवृत्तिवेतन नाही, आणि मायदेशी परतावे तर तुरुंग! अशा वाचण्याची किंमत मोजावी लागते ती उरलेल्या आयुष्याने.

युद्धानंतर ते बर्लिनला आले. 1921 साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह मॉस्कोलाही जाऊन आले. परंतु हाती ठोस काही लागले नाही. अखेर 1924 मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. तेथे क्रांती नुकतीच शमली होती आणि शेतकऱ्याला जमीन देण्याचे वारे वाहत होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झालेल्या खानखोजे यांनी गहू व मका यांच्या सुधारित वाणांवर संशोधन केले. मका आणि तेओसिंते हे त्याचे रानटी भावंड यांच्या संकराचे प्रयोगही केले. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने टिपली. ज्यांना विद्यालयाची पायरी चढणे शक्य नव्हते, अशा शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळा काढल्या. पलटण उभी करण्याची जुनी हौस तेथे कामी आली, असे म्हणायला हरकत नाही. 1936 साली बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

देश स्वतंत्र झाला, तरी ब्रिटिशांनी तयार केलेली काळी यादी दप्तरात तशीच होती. 1949 साली मायदेशी येऊ पाहणाऱ्या या वृद्ध क्रांतिकारकाला प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. ज्या राज्याविरुद्ध तो लढला, त्याचा कागद त्या राज्याहून दीर्घायुषी ठरला. पुढे परवानगी मिळाली आणि 1955 मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले. तेथेच 22 जानेवारी 1967 रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगो विद्यापीठाच्या आवारातील त्यांच्या पुतळ्याचे अनावरण 2022 साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले.