यंत्राची वाट पाहणारा संगीतकार : एडगार व्हारेझ

ल कॉर्बुझिए हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना चंदीगडमुळे माहीत असते. आपल्या बडोद्याजवळच्या अहमदाबादेतही त्यांच्या इमारती आहेत. आश्रम रोडवरची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत आणि पालडीचे संस्कार केंद्र अनेक सभासदांनी जाता-येता पाहिले असेल.

चंदीगडचे काम जोरात चालू असतानाच, १९५६ साली, फिलिप्स कंपनीने या वास्तुविशारदाकडे एक वेगळे काम सोपवले. १९५८ साली ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरणार होते आणि तिथे कंपनीला आपला मंडप हवा होता. त्या मंडपात रेडिओ आणि दिवे मांडून ठेवायचे नव्हते. प्रकाश आणि ध्वनी यांच्याकडून काय काय करून घेता येते, हे लोकांना प्रत्यक्ष अनुभवायला द्यायचे होते. ल कॉर्बुझिए यांनी काम स्वीकारले, पण संगीतासाठी एकच नाव पुढे केले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते नाव मुळीच पसंत नव्हते. त्यांना एखादा सर्वमान्य, लोकांना रुचणारा संगीतकार हवा होता. ल कॉर्बुझिए मात्र हटले नाहीत. हा माणूस नसेल तर आपणही नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली.

तो माणूस म्हणजे एडगार व्हारेझ. तेव्हा त्यांचे वय होते बहात्तर.

आज केवडियाला सरदारांच्या पुतळ्यावर लेझरचा खेळ होतो, तो आपण नातवंडांना घेऊन पाहतो. मोठ्या संग्रहालयांत अंधाऱ्या दालनात उभे राहिले की चारी बाजूंनी आवाज येतात आणि भिंतींवर चित्रे सरकतात. याला हल्ली साउंड इन्स्टॉलेशन किंवा मीडिया इन्स्टॉलेशन म्हणतात. या कलेचा पाया घालणाऱ्यांत व्हारेझ यांचे नाव फार वरचे आहे. मी काही संगीतातला जाणकार नाही. पण या माणसाचे आयुष्य वाचले आणि ते आपल्या मंडळातल्या सर्वांना, विशेषतः माझ्यासारख्या निवृत्त मंडळींना, सांगावेसे वाटले.

व्हारेझ यांचा जन्म २२ डिसेंबर १८८३ रोजी पॅरिसमध्ये झाला. बालपण मात्र बर्गंडी प्रांतातल्या ल व्हिलार या खेड्यात, आईकडच्या नातेवाइकांकडे गेले. आजोबांवर त्यांचा फार जीव. वडील हेन्री इंजिनिअर, स्वभावाने कडक. एडगार नऊ-दहा वर्षांचे असताना कुटुंब इटलीतल्या तुरिनला गेले. मुलाने गणित आणि इंजिनिअरिंग शिकावे, संगीताच्या नादी लागू नये, असा वडिलांचा हट्ट. घरात पियानो होता, पण तो कुलूपबंद असे. मुलाने तरीही चोरून संगीत शिकायचे सोडले नाही. आई १९०० साली गेली आणि घरातला उरलासुरला ओलावाही संपला. १९०३ साली, विशीच्या आतच, व्हारेझ यांनी वडिलांचे घर सोडले आणि पॅरिस गाठले.

पॅरिसमध्ये त्यांनी आधी स्कोला कांतोरम या संस्थेत आणि मग तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण घेतले. त्याच काळात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. त्यात सायरनवर केलेले प्रयोग होते. सायरन म्हणजे आपल्याकडे गिरणीचा भोंगा. व्हारेझ यांनी जुन्या बाजारातून छोटे सायरन आणले आणि त्यांवर स्वतः प्रयोग सुरू केले.

सायरनमध्ये त्यांना काय सापडले, हे आपल्याला पेटीच्या उदाहरणाने चटकन समजेल. पेटीवर सा नंतर कोमल रे आणि त्यानंतर शुद्ध रे. दोन पट्ट्यांच्या मधले काही पेटीतून निघत नाही आणि मींड तर नाहीच. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले होते. पियानोचेही तसेच. सायरनचा आवाज मात्र खालून वर आणि वरून खाली अखंड सरकतो, मध्ये कुठेही पायरी नसते. आपल्या गवयाला हे गळ्यातून येते, सारंगियाला बोटातून येते. युरोपच्या वाद्यवृंदात वाढलेल्या या तरुणाला ते भोंग्यात सापडले. ठरलेल्या बारा स्वरांत न अडकणारा आवाज हवा आणि तो आपल्या मनाप्रमाणे जागेतून फिरवता यायला हवा, ही कल्पना त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. पण तसे वाद्यच अस्तित्वात नव्हते.

१९०७ साली लग्न करून ते बर्लिनला गेले. तिथे बुझोनी या थोर संगीतकाराचा स्नेह लाभला. नवी वाद्ये निर्माण झाली पाहिजेत, असे बुझोनीही मानत. १९१० साली बर्लिनमध्ये व्हारेझ यांची ‘बुर्गोन्य’ ही रचना वाजवली गेली आणि श्रोत्यांनी गोंधळ घातला. पुढे संसार मोडला. महायुद्ध आले. डिसेंबर १९१५ मध्ये ते न्यूयॉर्कला निघून गेले. बर्लिनच्या गोदामात ठेवलेली त्यांची जवळजवळ सगळी हस्तलिखिते आगीत जळाली. वयाच्या पस्तिशीपर्यंत केलेल्या कामाची पाटी अशी पुसली गेली.

अमेरिकेत त्यांनी पुन्हा श्रीगणेशा केला. आता त्यांच्या सोबत दुसऱ्या पत्नी लुईझ होत्या. स्वतः लेखिका असलेल्या लुईझ यांची साथ शेवटपर्यंत राहिली. १९२१ साली व्हारेझ यांनी हार्पवादक कार्लोस साल्झेदो यांच्यासह नव्या संगीतासाठी एक संस्था काढली आणि अनेक समकालीनांच्या रचना अमेरिकेला प्रथम ऐकवल्या. त्यांची स्वतःची ‘अमेरिक’ ही रचना १९२६ साली स्टोकोव्स्की यांनी फिलाडेल्फियात सादर केली. अवाढव्य वाद्यवृंद, आणि त्यात सायरनही! १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ‘आयोनिझेशन’ सादर झाली. तेरा वादक आणि जवळजवळ सगळी आघातवाद्ये. आपल्याकडे तालवाद्य कचेरी काही नवी नाही, पण पाश्चात्त्य मैफलीत तालवाद्यांवरच उभी असलेली रचना ही त्या काळी खळबळजनक गोष्ट होती.

तरीही व्हारेझ समाधानी नव्हते. त्यांना हवा असलेला आवाज लाकूड, तार आणि कातडे यांतून निघणारा नव्हता, तो विजेतून निघणारा होता. त्यासाठी प्रयोगशाळा हवी, इंजिनिअर हवेत आणि पैसा हवा. त्यांनी बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांशी बोलणी केली. गुगेनहाइम फाउंडेशनकडे एकाहून अधिक वेळा अर्ज केले. सगळीकडून नकार. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेद गेली. त्या अनुभवाने सांगतो, हा अर्ज कुठल्याच चौकटीत बसणारा नव्हता. तारण काही नाही, उत्पन्नाचा अंदाज नाही, आणि ज्या यंत्रासाठी पैसे मागितले ते यंत्र जगात कुठे तयारच नाही!

रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी व्हारेझ यांच्या ‘एक्वातोरियाल’ या रचनेसाठी दोन विद्युत वाद्ये बनवून दिली आणि ती १९३४ च्या कार्यक्रमात वाजली. आता मार्ग सापडला असे वाटत असतानाच थेरेमिन १९३८ साली मायदेशी परतले. १९४१ मध्ये व्हारेझ यांनी त्यांना पत्र पाठवले, पुन्हा एकत्र काम करायची इच्छा कळवली. थेरेमिन तेव्हा सोव्हिएत कैदेत होते. ते पत्र त्यांना मिळालेच नाही.

१९३६ साली बासरीसाठी लिहिलेली ‘डेन्सिटी २१.५’ ही छोटी रचना झाली. प्लॅटिनमच्या बासरीसाठी लिहिली म्हणून त्या धातूची घनता हेच तिचे नाव. त्यानंतर हा माणूस जवळजवळ गप्प झाला. एकदोन वर्षे नव्हे, दीड दशकाहून अधिक काळ. या काळात त्यांनी काही केले नाही असे नाही. समूहगायनाचे वर्ग चालवले, शिकवले, मोठ्या योजना आखल्या आणि त्या अर्ध्यावर सोडल्या. हॉलिवूडच्या दारातही जाऊन आले. खिन्नतेने त्यांना ग्रासले. जुन्या पद्धतीने लिहिणे मनाला पटत नव्हते आणि नव्या पद्धतीचे साधन हाती नव्हते. पोटासाठी, नावासाठी लोकांना आवडेल असे काहीतरी लिहून देणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी ते केले नाही.

मग १९५३ साली घरी एक भेट आली : अँपेक्स कंपनीचा टेपरेकॉर्डर. देणाऱ्या हितचिंतकाने आपले नाव मागे ठेवले होते. व्हारेझ एकोणसत्तर वर्षांचे होते. ज्या वयात आपण पासबुक आणि औषधाच्या गोळ्या सांभाळत बसतो, त्या वयात हे गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन कारखान्यांत शिरले. लोखंडाच्या भट्ट्या आणि लाकडाच्या वखारी यांचे आवाज त्यांनी टिपले. ती टेप कापायची, जोडायची, उलटी वाजवायची, वेग कमी-जास्त करायचा. पुढे पॅरिसमध्ये पिएर शेफर यांच्या स्टुडिओत त्यांनी हे काम पुरे केले. ‘देझेर’ नावाच्या या रचनेत वादकांचे वादन तीन ठिकाणी थांबते आणि टेपवरचा आवाज सुरू होतो. २ डिसेंबर १९५४ रोजी पॅरिसमध्ये ती सादर झाली, तीही मोत्सार्ट आणि चायकोव्हस्की यांच्या मध्ये. कार्यक्रम रेडिओवरून थेट प्रक्षेपित होत होता. श्रोत्यांनी आरडाओरडा केला, हुर्यो उडवली, आणि ती रेडिओवर देशभर ऐकू गेली.

अशा माणसासाठी ल कॉर्बुझिए अडून बसले होते. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये व्हारेझ हॉलंडमधल्या आइंडहोव्हनला, फिलिप्सच्या गावी, दाखल झाले. वडिलांनी ज्या इंजिनिअरिंगसाठी पियानोला कुलूप घातले, ते इंजिनिअरिंग आता मुलाच्या संगीतासाठी राबत होते. कंपनीच्या तंत्रज्ञांशी खटके उडत. कुठला आवाज हवा, हे त्यांना समजावणे कठीण जाई. पण काम पुढे सरकत राहिले.

मंडपाचा आराखडा ल कॉर्बुझिए यांच्या कचेरीतल्या यानिस झेनाकिस यांनी केला. ते इंजिनिअर होते आणि संगीतकारही होते. सरळ भिंत कुठेच नाही, काँक्रीटचे वळलेले पापुद्रे तंबूच्या टोकांसारखे आकाशात गेलेले. एका वेळी सुमारे पाचशे माणसे आत जात. दार बंद होई, अंधार होई आणि घंटेचे ठोके पडत. पुढची आठ मिनिटे मानवाच्या वाटचालीची ल कॉर्बुझिए यांनी निवडलेली चित्रे भिंतींवर उमटत, रंग बदलत, आणि तीनशेहून अधिक स्पीकरांमधून व्हारेझ यांचा आवाज फिरत असे. एका टेपवर संगीत होते. दुसऱ्या टेपवर कोणता स्पीकर केव्हा चालू व्हावा, याच्या सूचना होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तशा रिलेंच्या साह्याने आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात सरकत जाई. घंटा, ढोल, मानवी कंठ, विजेचे सूर आणि सायरनसारखी मींड डोक्यावरून भिंतीच्या वळणाने जात असे. अर्धशतकापूर्वी जुन्या बाजारातल्या सायरनपाशी मनात आलेली कल्पना अशी खरी झाली. ‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ असे या कृतीचे नाव. प्रदर्शनाच्या सहा महिन्यांत लाखो लोकांनी ती ऐकली. कुणी घाबरले, कुणी भारावले.

आणि प्रदर्शन संपल्यावर, जानेवारी १९५९ मध्ये, तो मंडप पाडून टाकण्यात आला. तो आवाज त्या जागेसाठी केला होता आणि ती जागाच राहिली नाही. टेप तेवढी उरली.

त्यानंतर मात्र मान मिळू लागला, ध्वनिमुद्रिका निघाल्या, तरुण मंडळी शोधत येऊ लागली. पुढे रॉक संगीतात प्रसिद्धीला आलेल्या फ्रँक झप्पा यांनी पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून आईकडे व्हारेझ यांना ट्रंक कॉल करायची परवानगी मागितली होती. फोन लागला, पण बोलणे लुईझ यांच्याशीच झाले. ‘बुर्गोन्य’ ही आगीतून वाचलेली तरुणपणची रचना व्हारेझ यांनी उतारवयात स्वतःच्या हाताने नष्ट केली. ६ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. मागे उरलेले सगळे संगीत सलग ऐकले तर एका संध्याकाळीत संपते.

त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १९६९ साली, अहमदाबादच्या एनआयडीत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. व्हारेझ ज्यासाठी दारोदार फिरले, ते साधन तेव्हा आपल्या शेजारच्या गावात विद्यार्थ्यांच्या हाती आले होते.

निवृत्त मंडळींच्या गप्पांत एक वाक्य नेहमी येते, की आता आपले नवीन शिकायचे वय राहिले नाही. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा पन्नाशीतले सहकारीही हेच म्हणत. व्हारेझ यांचे आयुष्य या समजुतीला उत्तर देते, पण ते उत्तर स्वस्त नाही. टेपरेकॉर्डर घरी आला तेव्हा त्याचे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते, कारण त्यांनी पन्नास वर्षे तीच कल्पना मनात जपली होती. त्या जपण्याची किंमतही त्यांनीच मोजली होती. ती मोजावी की नाही हे आपण त्यांना सांगणारे कोण?

‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ इंटरनेटवर सहज मिळते. फक्त आठ मिनिटांची आहे. घरातल्या मुलांकडून हेडफोन मागून घ्या, दिवा मालवा आणि ऐका. भीमसेनजींनंतर लगेच ऐकू नका, हे मात्र आपुलकीने सांगतो. कानाला गोड लागणार नाही. पण एकदा ऐकून झाल्यावर रस्त्यावरच्या सायरनकडे लक्ष गेल्याशिवाय राहणार नाही.