युजीन द्युब्वा : मानवाच्या पूर्वजाचा शोधक

मनुष्य कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथांत न शोधता जमिनीत शोधावे, असा निश्चय करून प्रथम घराबाहेर पडलेला संशोधक म्हणून आम्ही युजीन द्युब्वा यांचे स्मरण करतो. त्यांच्यापूर्वीही प्राचीन मानवाच्या अस्थी सापडल्या होत्या. परंतु त्यांतील अनेक खाणकामात वा रस्ते खोदताना योगायोगाने हाती लागल्या होत्या. द्युब्वा मात्र त्या शोधण्यासाठीच निघाले.

२८ जानेवारी १८५८ रोजी नेदरलँड्समधील आइस्डेन या गावी एका औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अ‍ॅमस्टरडॅम येथे वैद्यकशास्त्र शिकून ते तेथेच शरीररचनाशास्त्राचे अध्यापक झाले. प्राध्यापकपद जवळ आले असता, १८८७ साली, त्यांनी राजीनामा दिला. गिबन आणि ओरांगउटान हे मानवसदृश वानर ज्या उष्ण प्रदेशात राहतात, तेथेच मनुष्य व वानर यांमधला दुवा सापडेल, असे त्यांचे अनुमान होते. डार्विनचा कल आफ्रिकेकडे होता. पण सुमात्रा व जावा ही बेटे डचांच्या ताब्यात होती, हेही द्युब्वांच्या निवडीमागचे एक व्यवहारी कारण होते. सरकारने मोहिमेसाठी पैसा नाकारला, तेव्हा ते सैन्यात शल्यवैद्य म्हणून भरती झाले आणि पत्नी व तान्ह्या मुलीसह सुमात्रेला गेले.

तेथील गुहांत फारसे हाती लागले नाही आणि हिवतापाने शरीर खंगले. १८९० मध्ये ते जावा बेटावर आले. बोरोबुदूरच्या स्तूपामुळे हे बेट आम्हा बौद्धांना परिचित आहे. त्याच बेटाच्या पूर्व भागात, सोलो नदीच्या काठी, त्रिनिल येथे त्यांनी उत्खनन आरंभिले. सरकारने त्यांना दोन सैनिक आणि पन्नास कैदी दिले होते. नदीच्या पात्रातील खडक फोडून एकेक अस्थी वर काढणारे हात या कैद्यांचे होते. त्यांतील काही तापाने आजारी पडले, काही पळून गेले. शोधाच्या इतिहासात त्यांची नावे आढळत नाहीत. द्युब्वांचा गौरव करताना ही गोष्ट नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

१८९१ साली प्रथम एक दाढ आणि नंतर एका कवटीचा वरचा भाग सापडला. कवटी सपाट होती आणि भुवयांवरील हाड जाड व पुढे आलेले होते. पुढील वर्षी तेथून सुमारे पंधरा मीटर अंतरावर मांडीचे हाड मिळाले. ते जवळजवळ आपल्यासारखेच, म्हणजे दोन पायांवर ताठ चालणाऱ्या प्राण्याचे होते. मेंदू वानराहून मोठा, मनुष्याहून लहान. चाल मात्र माणसाची. १८९४ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध करून या प्राण्यास 'पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस', म्हणजे ताठ चालणारा वानरमानव, असे नाव दिले. युरोपास परतण्यापूर्वी तुलनेसाठी ते भारतातही येऊन गेले आणि शिवालिक टेकड्यांतील अश्मास्थी त्यांनी पाहिल्या.

१८९५ साली लायडेनच्या परिषदेत मात्र विद्वानांचे एकमत झाले नाही. कोणी त्यास वानर म्हणाले, कोणी मनुष्य. जर्मनीतील विख्यात फिर्को यांना तो एक प्रचंड गिबन वाटला. पाच-सहा वर्षे वाद घालून द्युब्वा थकले व त्यांनी त्या अस्थी कपाटात बंद केल्या. पुढे दोन दशकांहून अधिक काळ, १९२३ पर्यंत, इतर संशोधकांना त्या पाहता आल्या नाहीत. ज्याने ज्ञानासाठी नोकरी सोडली, त्यानेच ज्ञानाचे साधन कुलपात ठेवावे, हे आम्हांस खटकते. विरोधकांच्या कठोरपणाचा विचार करूनही खटकते.

मग पेकिंगजवळ आणि जावातील सांगिरान येथे तशाच कवट्या निघाल्या. त्यांनी द्युब्वांचेच म्हणणे बळकट होत होते, पण हे साम्य त्यांना मान्य नव्हते. आपला पूर्वज अद्वितीय आहे, असा त्यांचा आग्रह होता. अखेरीस त्यांनी आपल्या शोधास केवळ गिबन ठरविले, अशी जी कथा सांगतात, ती विपर्यस्त आहे. मेंदू व शरीर यांचे प्रमाण गिबनशी ताडून तो मधला दुवाच असल्याचे ते सिद्ध करू पाहत होते.

१६ डिसेंबर १९४० रोजी हेलेन येथे, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९५० साली, जावा व पेकिंग येथील मानव एकाच जातीत गणले गेले. तिला आज होमो इरेक्टस म्हणतात. द्युब्वांनी दिलेल्या नावातील 'ताठ' हा शब्द तेवढा तीत राहिला आहे.