ओरछाच्या जंगलातला उस्ताद : चंद्रशेखर आझाद

आमच्या शाळेच्या रेंजवर दर रविवारी सकाळी आम्ही पाच जण एअर पिस्तुलाचा सराव करतो. दहा मीटरवर कागदी टार्गेट, प्रत्येकाला मोजके छर्रे, मागे उस्ताद. गेल्या सत्रात एका रविवारी माझी दहाची मालिका चांगली पडली. आनंदाच्या भरात मित्राला सांगायला मी पिस्तूल हातात घेऊनच मागे वळलो. पिस्तूल रिकामे होते, पण उस्तादांनी ते ऐकून घेतले नाही. त्यांनी पाचही जणांना महिनाभर रेंज बंद केली. चूक माझी एकट्याची, शिक्षा पाचांना. दोन मित्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या रिकाम्या रविवारी मी वाचनालयात बसून चंद्रशेखर आझादांविषयी जे मिळेल ते वाचून काढले. त्यांचा पार्कातला शेवट सगळ्यांना माहीत असतो. मला वाचायचे होते ते त्यांच्या सरावाबद्दल आणि त्यांच्याबरोबर सराव करणाऱ्या मित्रांबद्दल.

चंद्रशेखर सीताराम तिवारी यांचा जन्म २३ जुलै १९०६ रोजी भाबरा गावी झाला. हे गाव तेव्हा अलीराजपूर संस्थानात होते, आज ते मध्य प्रदेशात आहे. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातल्या बदरका गावचे. घरची परिस्थिती गरिबीची. भाबरा हा भिल्लांचा मुलूख, त्यामुळे चंद्रशेखर भिल्ल मुलांबरोबर वाढले आणि धनुष्यबाण चालवायला शिकले. त्यांचा पहिला नेम असा बाणाचा होता. घरातून निघून ते काही दिवस मुंबईला राहिले आणि गोदीत जहाजांना रंग देण्याचे काम केले. पण तिथे मन रमले नाही. मुलाने संस्कृत पंडित व्हावे अशी आई जगराणीदेवींची इच्छा होती. ते काशीला शिकायला गेले.

१९२० साली असहकाराची चळवळ सुरू झाली आणि १९२१ साली चंद्रशेखर त्यात पकडले गेले. मॅजिस्ट्रेटने नाव विचारले तेव्हा त्यांनी आझाद असे सांगितले, वडिलांचे नाव स्वातंत्र्य आणि घर तुरुंग असे सांगितले. शिक्षा झाली पंधरा फटक्यांची. त्या वेळी त्यांचे वय पंधरा वर्षांचे होते. माझेही वय आज पंधरा आहे. मी महिनाभर रेंज बंद झाली म्हणून कुरकुरत होतो, हे इथे कबूल केलेले बरे. त्या दिवसापासून तिवारी हे आडनाव मागे पडले आणि आझाद हेच नाव राहिले.

१९२२ मध्ये चळवळ थांबवली गेली. आझादांसारखे अनेक तरुण निराश झाले आणि क्रांतिकारकांच्या मार्गाकडे वळले. काशीतच मन्मथनाथ गुप्त यांच्या ओळखीने आझाद हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनमध्ये आले. रामप्रसाद बिस्मिल हे तिथले नेते. ९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळ काकोरी येथे या मंडळींनी रेल्वे थांबवून सरकारी खजिना घेतला. प्रवाशांना इजा करायची नाही असे ठरलेले होते. पण मन्मथनाथांच्या हातातल्या माउझर पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि अहमद अली नावाचा प्रवासी ठार झाला. ही गोष्ट मन्मथनाथांनी पुढे स्वतः लपवून न ठेवता लिहिली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. गोळी मारायची नव्हती आणि शत्रूही समोर नव्हता, तरीही एक निरपराध माणूस गेला. रिकाम्या पिस्तुलाबद्दल उस्ताद एवढे का चिडले, ते मला त्या पानावर कळले.

खटला चालला. डिसेंबर १९२७ मध्ये रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना फाशी झाली. मन्मथनाथांना वय लहान म्हणून चौदा वर्षांची कैद मिळाली. आझाद मात्र पोलिसांच्या हाती लागलेच नाहीत. ते झाशीला गेले.

माझ्या दृष्टीने आझादांच्या आयुष्यातला सर्वांत वाचण्यासारखा भाग इथे सुरू होतो. झाशीत शचींद्रनाथ बक्षी यांनी आधीच काही मुले जमवली होती. मास्टर रुद्रनारायण नावाच्या शिक्षकाच्या घरी आझादांना आसरा मिळाला. मास्टरजी चित्रकारही होते. मिशीला पीळ देणाऱ्या आझादांचा जो फोटो आपल्या सर्व शाळांत लावलेला असतो, तो त्यांच्याच घरचा. झाशीत आझाद बुंदेलखंड मोटर गॅरेजमध्ये काम करून मोटार चालवायला शिकले. शहरात धोका वाढला की ते ओरछाकडे जात. तिथे सातार नदीच्या काठी (ही नदी बुंदेलखंडातली, आपल्या साताऱ्याशी तिचा संबंध नाही) हनुमानाच्या मंदिराजवळ झोपडीत ते हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने राहिले. जवळच्या ढिमरपुरा गावातल्या मुलांना ते शिकवत. आज त्या गावाचे नाव आझादपुरा आहे.

दिवसा मुलांना शिकवणारा हा ब्रह्मचारी जंगलात आपल्या मित्रांना पिस्तूल शिकवत असे. मित्र मोजकेच होते. सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ वैशंपायन आणि भगवानदास माहौर. पहिली दोन नावे वाचून मी चमकलो. झाशीत मराठी घरे राणी लक्ष्मीबाईंच्या आधीपासून आहेत, आणि हे दोघे त्याच शहरातले मराठी तरुण. खनियाधानाचे राजे खलकसिंह जूदेव यांचीही या मंडळींना मदत होती.

हा सराव कसा असेल याचा मी खूप विचार केला. आमच्याकडे छर्रे मोजून मिळतात म्हणून आम्ही तक्रार करतो. त्यांच्याकडे एकेक काडतूस चोरून, पैसे जमवून, पोलिसांच्या नजरेतून वाचवून आणलेले असणार. अशा वेळी एक गोळी वाया जाणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना कळणे अवघड आहे. पिस्तूल हे शस्त्र रायफलपेक्षा शिकायला कठीण. त्याची नळी आखूड आणि आधाराला खांदा नसतो, त्यामुळे मनगट केसभर हलले तरी गोळी हातभर बाजूला जाते. चाप हळूहळू, न झटकता दाबावा लागतो. गोळी न घालता शंभर वेळा चाप दाबायचा आणि पुढची साईट हलते का ते पाहायचे, हा सराव आम्हाला सर्वांत कंटाळवाणा वाटतो. पण ज्यांच्याकडे गोळ्या थोड्या असतात त्यांच्यासाठी याहून स्वस्त आणि चांगला सराव दुसरा नाही.

सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात देशभरचे क्रांतिकारक जमले आणि हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशन उभी राहिली. सुरक्षिततेसाठी आझाद त्या बैठकीला आले नव्हते, तरी सैनिक विभागाचे प्रमुख म्हणून त्यांचीच निवड झाली. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू हे सगळे त्यांच्या हाताखाली होते.

सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरला लाला लजपतरायांवर लाठ्या पडल्या आणि १७ नोव्हेंबरला ते गेले. लाठीमाराचा हुकूम देणारा पोलीस अधिकारी स्कॉट याला मारायचे ठरले. १७ डिसेंबरला जयगोपालने कचेरीवर नजर ठेवायची आणि स्कॉट बाहेर पडताच खूण करायची, राजगुरू आणि भगतसिंग यांनी गोळी झाडायची, आणि आझादांनी माघारीची वाट राखायची, अशी कामे वाटली होती. जयगोपालने खूण केली. राजगुरूंची गोळी अचूक लागली. पण मोटारसायकलजवळ आलेला अधिकारी स्कॉट नव्हता, तो साँडर्स होता. पाठलाग करणारा हेड कॉन्स्टेबल चननसिंग आझादांच्या गोळीने पडला.

या प्रसंगाबद्दल आमच्या गटात बराच वाद झाला. एक मित्र म्हणाला की लालाजींवर लाठी चालवण्यात साँडर्सही होताच. दुसरा म्हणाला की चननसिंग तर आपलाच माणूस, तो त्याची नोकरी करत होता. मला दोघांचेही पटले आणि पूर्ण उत्तर सापडले नाही. एवढे मात्र समजले की नेम अचूक असणे ही अर्धीच गोष्ट आहे. समोर कोण आहे हे ओळखणे ही उरलेली अर्धी, आणि ती रेंजवर शिकता येत नाही, कारण रेंजवर समोर नेहमी कागदच असतो. उद्या आमच्यापैकी जे सैन्यात अधिकारी होतील, त्यांना हाच प्रश्न खराखुरा पडणार आहे.

पुढची गोष्ट आपल्या खानदेशात घडली. १९२९ मध्ये सदाशिवराव आणि भगवानदास शस्त्रे व बॉम्बचे साहित्य घेऊन जाताना भुसावळ स्टेशनवर पकडले गेले. जळगावच्या न्यायालयात खटला उभा राहिला. तोवर जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष हे दोन जुने साथीदार माफीचे साक्षीदार झाले होते. त्यांना साक्षीसाठी जळगावला आणले. १९३० च्या फेब्रुवारीत भगवानदासांनी तुरुंगात लपवून मिळवलेल्या पिस्तुलाने न्यायालयातच त्या दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघेही जखमी होऊन वाचले. ओरछाच्या जंगलातला तो शिष्य नेमात कमी पडला, आणि दोन्ही मित्रांच्या वाट्याला दीर्घ कारावास आला.

सुट्टीत घरी जाताना आमची गाडी झाशी, भुसावळ आणि जळगाव या तिन्ही स्टेशनांवरून जाते. मी आजवर तिथे फक्त चहा आणि केळी पाहिली होती. यंदा तिन्ही ठिकाणी खिडकीशी बसून राहिलो.

एकेक साथीदार पकडला जात होता. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझाद सुखदेवराज यांच्याबरोबर बसले असताना पोलिसांनी घेरले. आझादांच्या मांडीत गोळी लागली. त्यांनी झाडाच्या आडोशाने गोळीबार चालू ठेवला आणि सुखदेवराजला निघून जायला लावले. पोलीस अधिकारी नॉट बॉवर हाताला गोळी लागून जखमी झाला, ठाकूर विश्वेश्वरसिंह याच्या जबड्याला गोळी लागली. जिवंत हाती लागायचे नाही हा आझादांचा निश्चय होता. शेवटची गोळी त्यांनी स्वतःसाठी ठेवली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्यांचे कोल्ट पिस्तूल पुढे इंग्लंडला गेले होते, ते परत आणले गेले आणि आज प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. त्या पार्कला आता त्यांचेच नाव आहे.

बहुतेक लेख इथे संपतात, पण माझ्या मते गोष्ट इथे संपत नाही. स्वातंत्र्यानंतर आझादांची आई भाबऱ्याला हलाखीत एकटी राहत होती. तुरुंगातून सुटलेले सदाशिवराव मलकापूरकर तिथे गेले आणि त्यांना झाशीला आपल्या घरी घेऊन आले. मुलाने करावी तशी सेवा केली, तीर्थयात्रा घडवली. १९५१ मध्ये जगराणीदेवी झाशीतच वारल्या आणि अंत्यसंस्कारही सदाशिवरावांनीच केले. वैशंपायनांनी आपल्या मित्राचे चरित्र लिहून ठेवले.

सातारच्या काठी या मित्रांनी एकत्र केलेल्या सरावाचे मोजमाप मी आता गोळ्यांवर करत नाही. जयगोपालही त्यांच्याच संघटनेत होता, आणि सदाशिवरावही. एकाने साक्ष दिली, दुसऱ्याने मित्राच्या आईला घरी आणले. ती म्हातारी सदाशिवरावांच्या घरी आली तेव्हा आझाद जाऊन अठरा वर्षे झाली होती. पाहणारे कोणी नव्हते, तरी त्यांनी शब्द राखला.

महिना संपला. रविवारी आम्ही पाचही जण पुन्हा रेंजवर गेलो. मी मित्रांची माफी मागितली, आणि ज्या दोघांनी अबोला धरला होता त्यांनीच माझे टार्गेट लावून दिले. दहा छर्रे झाल्यावर मी पिस्तूल मोकळे केले, नळी टार्गेटकडे ठेवून टेबलावर ठेवले, दोन पावले मागे आलो आणि मगच वळलो. त्या दिवशीचा माझा स्कोअर आधीपेक्षा कमी होता. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

जय हिंद!