लोकप्रतिनिधि दादाभाई नवरोजी

आपल्या खारदांड्याहून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे जुहूची लांब पुळण लागते, आणि ती संपल्यावर पुढें वेसावें हें गांव येतें. दोन्हीं गांवें मूळचीं कोळ्यांचीं. ओढून ठेवलेल्या होड्या, जाळीं आणि उन्हांत वाळत घातलेली मासळी दोहोंकडे सारखीच. या वेसाव्यास १९०७ सालीं ८२ वर्षांचे एक पारशी गृहस्थ विसाव्यासाठीं राहावयास आले. पांढरीशुभ्र दाढी, साधी राहणी, आणि टेबलावर सदैव कागदपत्रें. ज्यांना सारा देश भारताचे पितामह म्हणत असे, तेच हे दादाभाई नवरोजी. ते आपले शेजारी होते असें म्हटल्यास चूक होणार नाहीं; म्हणून त्यांचें चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनीं विशेष आस्थेनें वाचावें.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजीं एका गरीब पारशी पुरोहिताच्या घरीं झाला. ते चार वर्षांचे असतां वडील वारले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या. परंतु मुलाच्या शिक्षणाविषयीं त्यांचा निश्चय अढळ होता. त्या वेळीं मुंबईंत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेंत फी घेत नसत. ती सोय नसती तर विधवेच्या या मुलाला शाळेचें तोंडही पाहावयास मिळालें नसतें. पुढें दादाभाईंना ही गोष्ट वारंवार आठवे. आपलें शिक्षण लोकांच्या पैशानें झालें, तेव्हां आपल्या अंगचे गुण लोकांच्या उपयोगीं पडले पाहिजेत, हा हिशेब त्यांनीं तरुणपणींच मनाशीं मांडला, आणि त्या ऋणाची फेड आयुष्यभर चालविली.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांची बुद्धि पाहून सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनीं त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठीं विलायतेस पाठविण्याचें ठरविलें, व निम्मा खर्च देऊं केला. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईंत दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले होते. विलायतेस गेल्यावर हा मुलगाही धर्म बदलील अशी भीति समाजांतील वडीलधाऱ्यांना वाटली, आणि तो बेत फसला. दादाभाईंनीं त्याचा विषाद मानला नाहीं. ते त्याच संस्थेंत शिक्षक झाले, आणि थोड्याच वर्षांत गणित व सृष्टिशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. तेथें हा मान मिळालेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत.

१८४९ सालीं त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या. कांहींत गुजराथी तर कांहींत मराठी शिकवीत. हे तरुण घरोघर जाऊन मुलींना शाळेंत धाडण्याविषयीं आईबापांची मनधरणी करीत, आणि वेतन न घेतां शिकवीत. कित्येक घरीं त्यांचा अपमानही झाला. लोकांच्या दारीं स्वतः जावयाचें, त्यांचें बोलणें ऐकून घ्यावयाचें आणि पुन्हां जावयाचें, ही संवय त्यांना येथेंच लागली. ती पुढें फार उपयोगीं पडली.

१८५५ सालीं ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडांत गेले. मद्य व अफू यांच्या व्यापाराचा नफा घेणें मनास पटेना, म्हणून त्यांनीं ती भागी सोडली व स्वतःची पेढी काढली. तेथें राहून त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. हिंदुस्थानाविषयींचे निर्णय लंडनमध्यें होत, परंतु हिंदुस्थानची खरी स्थिति तेथें फारच थोड्यांना ठाऊक होती. ती कळविण्याकरितां १८६६ सालीं त्यांनीं ईस्ट इंडिया असोसिएशन ही संस्था स्थापिली. दादाभाईंचें शस्त्र म्हणजे आंकडे. सरकारी अहवालांतून प्रांतोप्रांतींचें धान्य, मीठ, कापूस यांचें उत्पन्न काढून त्यांनीं हिशेब केला, तों माणशीं वर्षाचें उत्पन्न अवघें २० रुपयांच्या आसपास भरलें. तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रास सरकार जो खर्च करी, त्याच्याशीं त्यांनीं हा आंकडा ताडून पाहिला. कष्ट करणाऱ्या रयतेच्या वांट्यास कैद्याइतकेंही येत नाहीं, हें त्यावरून उघड झालें. देशाचें धन दर वर्षीं परदेशीं वाहून जातें व त्याचा मोबदला मिळत नाहीं, हें त्यांचें सुप्रसिद्ध मत याच हिशेबांतून निघालें.

आतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, जेथें निर्णय होतात तेथेंच जाऊन बसावें. १८८६ सालीं त्यांनीं लंडनच्या होबर्न भागांतून पार्लमेंटसाठीं निवडणूक लढविली व ते मोठ्या फरकानें पडले. पुढें १८८८ सालीं लॉर्ड सॉल्सबरी या मुख्य प्रधानांनीं एका भाषणांत त्या पराभवाचा उल्लेख करून, इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतका अजून पुढें गेलेला नाहीं अशा आशयाचे उद्गार काढले. या बोलण्यानें दादाभाईंची मानहानि होण्याऐवजीं साऱ्या देशांत त्यांचें नांव झालें. अनेक इंग्रज त्यांच्या बाजूस वळले. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनींही त्यांच्या उमेदवारीस पाठिंबा दिला.

१८९२ सालीं ते सेंट्रल फिन्सबरी या भागांतून उभे राहिले. घड्याळें बनविणारे कारागीर, जवाहिरी काम करणारे व लहान दुकानदार यांची येथें दाट वस्ती होती. या लोकांना हिंदुस्थान कोठें आहे हेंही नीट ठाऊक नसेल. मग तेथील एका वृद्ध पारशाला त्यांनीं आपलें मत कां द्यावें? दादाभाईंनीं त्यांच्यांत मिसळून, त्यांच्या सभांस जाऊन व त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकून हा प्रश्न सोडविला. मजुरांचे हक्क, स्त्रियांचा मताधिकार, आयर्लंडचें स्वराज्य या गोष्टींना त्यांनीं उघड पाठिंबा दिला. मतमोजणी झाली तेव्हां प्रतिस्पर्धी कॅप्टन पेंटन यांच्यापेक्षां त्यांना तीन मतें अधिक पडलीं होतीं. फेरमोजणींत तो आंकडा पांच झाला. थट्टेखोरांनीं नवरोजी या नांवाचा उच्चार वांकवून त्यांना नॅरो-मेजॉरिटी, म्हणजे निसटत्या बहुमताचे गृहस्थ, असें टोपणनांव दिलें! पार्लमेंटांत शपथ घेतांना त्यांनीं आपल्या धर्माचा खोर्देह अवेस्ता हा ग्रंथ हातीं धरला होता.

मुलांनो, या तीन मतांचा थोडा विचार करा. जो तीन मतांनीं निवडून आला, त्यानें कोणता मतदार क्षुल्लक म्हणावा? गल्लींतील ज्या कारागिराचें पत्र उत्तरावांचून पडून राहील, तो त्या तिघांपैकींच एक नसेल कशावरून? मतदारसंघांतून नोकरीसाठीं, देणगीसाठीं, गाऱ्हाण्यांसाठीं पत्रें येत. आणि दादाभाई पत्रव्यवहारांत फार नेमस्त होते. त्या काळीं पार्लमेंटच्या सभासदास वेतनही नव्हतें. तें १९११ पासून सुरू झालें. कारकून, टपाल, प्रवास, सारा खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा.

परंतु दादाभाईंचे खरे अशील याहून पुष्कळ अधिक होते. हिंदुस्थानांतील पंचवीस कोटींहून अधिक लोकांना पार्लमेंटसाठीं एकही मत नव्हतें. तेही आपले प्रतिनिधि म्हणून दादाभाईंकडेच पाहत. १८९४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत नाताळमधील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याचा कायदा होऊं लागला, तेव्हां मोहनदास गांधी नांवाच्या एका तरुण बॅरिस्टरानें मदतीसाठीं त्यांनाच पत्र लिहिलें. दादाभाईंनीं तें प्रकरण वसाहतींच्या मंत्र्यांपुढें नेलें. त्यांचीं उत्तरें स्वहस्तें लिहिलेलीं असत, ही गोष्ट गांधीजींनीं पुढें मोठ्या आदरानें सांगितली आहे. मताच्या बदल्यांत उत्तर देणें हा व्यवहार आहे. ज्याच्या हातीं मत नाहीं त्यालाही तितक्याच तत्परतेनें उत्तर देणें हें खरें प्रतिनिधित्व होय. दादाभाईंनीं दोन्हीं केलीं, म्हणून त्यांची योग्यता मोठी.

पार्लमेंटांत त्यांनीं केलेल्या कामांत एक गोष्ट मुख्य आहे. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीची परीक्षा केवळ लंडनमध्यें होई. गरीब विद्यार्थ्याला तेथें जाणें अशक्य, म्हणून ती दोन्हीं देशांत एकाच वेळीं व्हावी, असा ठराव जून १८९३ मध्यें सभागृहापुढें आला. हर्बर्ट पॉल यांनीं तो मांडला, दादाभाईंनीं पुरस्कारिला, आणि ८४ विरुद्ध ७६ मतांनीं तो संमतही झाला. परंतु सरकारनें तो अमलांत आणला नाहीं! त्याच वर्षीं त्यांचा एकुलता पुत्र अर्देशीर निवर्तला. अशा दुःखांतही ते हिंदुस्थानांत आले आणि लाहोरच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद त्यांनीं सांभाळलें. हिंदी मनुष्यास त्या परीक्षेला स्वदेशांत बसतां येऊं लागलें तें १९२२ सालीं. तेव्हां दादाभाई हयात नव्हते.

१८९५ च्या निवडणुकींत ते पडले. त्यानंतर त्यांना पार्लमेंटांत पुन्हां जागा मिळाली नाहीं. दुसरा एखादा मनुष्य खिन्न होऊन घरीं बसला असता. दादाभाईंनीं मात्र काम क्षणभरही थांबविलें नाहीं. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर त्यांची नेमणूक झाली होती. सभासद असूनही १८९७ सालीं त्यांनीं त्याच कमिशनपुढें स्वतः साक्ष दिली. आपले गोखले व वाच्छा यांच्याही साक्षी तेथें झाल्या. १९०० सालीं अहवाल निघाला तेव्हां वेडरबर्न व केन या दोघां सहकाऱ्यांबरोबर दादाभाईंनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. १९०१ सालीं जन्मभराचा हिशेब त्यांनीं एका मोठ्या इंग्रजी ग्रंथांत एकत्र छापिला. १९०६ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचे तिसऱ्यांदां अध्यक्ष झाले. आवाज क्षीण झाल्यामुळें त्यांचें भाषण गोखल्यांनीं वाचून दाखविलें. त्या भाषणांत त्यांनीं स्वराज्य हें राष्ट्राचें ध्येय म्हणून स्पष्टपणें पुढें ठेविलें.

त्यानंतर ते वेसाव्यास आले. येथेंही त्यांना पुरता विसांवा मिळाला नाहीं. त्यांच्या वाढदिवशीं लोक भेटीस येत आणि सल्ला विचारणारांचीं पत्रें येत राहत. १९१६ सालीं मुंबई विश्वविद्यालयानें त्यांना एल्एल्. डी. ही सन्माननीय पदवी दिली. ज्याला लहानपणीं फी भरण्याची ऐपत नव्हती, त्याचा विद्येच्या मंदिरांत असा गौरव झाला. ३० जून १९१७ रोजीं वयाच्या ९१ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या पत्रव्यवहाराचे हजारों कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत जपून ठेवलेले आहेत. मुंबईंत त्यांच्या नांवाचा मोठा रस्ता व त्यांचा पुतळा आहे. परंतु हे कागद हेंच त्यांचें खरें स्मारक, असें आम्हांस वाटतें.

या चरित्रावरून काय शिकावयाचें? कोणी म्हणेल, पार्लमेंटांत ते अवघीं तीन वर्षें होते. त्यांचा ठराव मंजूर होऊनही बुडाला. मग त्यांनीं मिळविलें काय? त्याचें उत्तर असें कीं, प्रतिनिधीनें लोकांची स्थिति नीट जाणावी, ती खऱ्या आंकड्यांनीं राज्यकर्त्यांपुढें मांडावी, आणि काय केलें व काय साधलें नाहीं याचा लोकांना सरळ हिशेब द्यावा, ही रीति त्यांनीं घालून दिली. यश एखादे वेळीं दुसऱ्याच्या हातीं असतें, परंतु हिशेब देणें सदैव आपल्या हातीं असतें.

आज आपल्या देशांत १८ वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मत आहे. फिन्सबरींत त्या काळीं साऱ्या स्त्रियांना व पुष्कळ गरीब पुरुषांना तें नव्हतें. विद्यार्थ्यांनो, थोड्याच वर्षांत तें तुमच्या हातीं येईल. एका मतानें काय होतें असें मनांत आलें तर फिन्सबरीचीं तीन मतें आठवा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, वस्तींतील पाणी, गटारें किंवा मासळी वाळविण्याची जागा यांविषयीं गाऱ्हाणें असेल तर केवळ ओटीवर बसून बोलूं नये. आंकड्यांसह नीट लिहून तें आपल्या प्रतिनिधीकडे धाडावें, आणि उत्तर मागावें. आणि आपल्यापैकीं एखादा मुलगा किंवा मुलगी उद्यां स्वतः लोकप्रतिनिधि झाली, तर तिनें एखाद्या सायंकाळीं जुहूची पुळण ओलांडून वेसाव्यापर्यंत चालत जावें, आणि आपल्या टेबलावर कोणाचें पत्र उत्तरावांचून पडलें आहे काय, याची आठवण करावी.