पटकीचा नकाशा काढणारे डॉक्टर : जॉन स्नो

मुलांनो, नकाशा म्हटलं की आपल्याला नद्या, डोंगर, जिल्हे आठवतात. डॉ. जॉन स्नो यांनी मात्र नकाशावर मृत्यू मांडले.

त्यांचा जन्म 15 मार्च 1813 रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. पुढे लंडनमध्ये ते भूल देणारे नामांकित डॉक्टर झाले. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, घाणेरड्या हवेने होते असं मोठमोठे डॉक्टरसुद्धा मानत. स्नो यांचा संशय पाण्यावर होता. ऑगस्ट 1854 च्या अखेरीस सोहो भागात पटकीने कहर केला. मयतांची यादी घेऊन स्नो घरोघर फिरले. बहुतेकांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी प्यायलेलं! शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले. ते बिअरच प्यायचे. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. खरं तर साथ तोवर ओसरू लागली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

नंतर त्यांनी नकाशा काढला. जितके मृत्यू, तितक्या काळ्या रेघा. रेघांची दाटी पंपाभोवतीच.

पण पाणी बिघडलं कसं? ते धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी शोधलं. आधी हेच स्नो यांचं म्हणणं खोडायला निघाले होते! 40 नंबरच्या घरात एक तान्ही मुलगी आजारी पडली होती. आईने तिचे लंगोट धुतलेलं पाणी घराच्या मैलाखड्ड्यात टाकलं. खड्ड्याचं बांधकाम खिळखिळं झालेलं, त्यातून ते पंपाच्या विहिरीत झिरपलं. मुलगीही वाचली नाही.

16 जून 1858 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी स्नो वारले. तेव्हाही अनेक डॉक्टर हवेलाच दोष देत होते.