घोड्याच्या खुराचा वैद्य : विल्यम मूरक्रॉफ्ट

पुसा हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. गहू, भात, भाजीपाल्याच्या कितीतरी वाणांच्या नावापुढे 'पुसा' लागलेले असते. हे मूळचे बिहारमधले गाव. तिथे १९०५ साली कृषी संशोधन संस्था सुरू झाली. १९३४ च्या भूकंपात इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली. जाताना गावाचे नावही घेऊन गेली. पण त्याच्या शंभर वर्षे आधी याच पुशात ईस्ट इंडिया कंपनीचे घोडेपैदास केंद्र होते आणि त्याचा कारभार एका नामांकित पशुवैद्याच्या हाती होता. त्यांचे नाव विल्यम मूरक्रॉफ्ट.

मूरक्रॉफ्ट यांचा जन्म १७६७ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातल्या ऑर्म्सकर्क गावचा. घर शेतकऱ्याचे. लिव्हरपूलला ते माणसांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेत होते. तेवढ्यात त्या भागात गुराढोरांत साथ आली. आजारी जनावरांवर उपचार करताना त्यांच्या ध्यानात आले, की माणसाला डॉक्टर आहे, पण मुक्या जनावराला शिकलेला वैद्यच नाही. इंग्लंडात तेव्हा पशुवैद्यकाची शाळाच नव्हती. म्हणून १७९० मध्ये ते फ्रान्समधल्या लियों गावी गेले. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा तिथे १७६१ पासून होती. तिथून शिकून आलेले ते पहिले इंग्रज.

परत येऊन त्यांनी लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर घोड्यांचा दवाखाना थाटला. तिथल्या नव्या पशुवैद्यक कॉलेजातही थोडे दिवस प्राध्यापकी केली. शर्यतीचे, शिकारीचे, बग्गीचे घोडे दवाखान्यात येत आणि बहुतेकांची तक्रार एकच : घोडं लंगडतंय.

हे लंगडणे कुठून येते ते समजून घेऊ. घोड्याच्या पुढच्या पायाच्या खुराच्या आत, मागच्या बाजूला, होडीच्या आकाराचे एक लहानसे हाड असते. जाड दोरीसारखी कंडरा त्याच्यावरून सरकते. कठीण जमिनीवर रोज धावून, चुकीचा नाल बसवून किंवा खूर वेडावाकडा वाढून तिथे ताण येतो, सूज धरते आणि ती वर्षानुवर्षे हटत नाही. वरून खूर चांगला दिसतो, आत मात्र सांधा झिजत असतो. दुखरा पाय घोडा पुढे टेकवून उभा राहतो.

मूरक्रॉफ्ट यांनी यावर दोन वाटा धरल्या. पहिली वाट नालाची. नाल मारण्याच्या पद्धतींवर त्यांनी १८०० मध्ये पुस्तक लिहिले, नाल बनवण्याच्या यंत्रांची पेटंटेही घेतली. त्या धंद्यात मात्र पैसा बुडाला. दुसरी वाट चाकूची. खुराकडे जाणारी संवेदनेची नस वरच्या भागात कापून टाकायची. तेव्हा भुलीचे औषध नव्हते. घोड्याला दोरांनी पाडून, पाय बांधून हे काम करावे लागे. या शस्त्रक्रियेचे श्रेय मूरक्रॉफ्ट आणि लंडन कॉलेजचे विल्यम सेवेल या दोघांना देतात.

नस कापली की घोडा नीट चालू लागे आणि मालक खूश होई. पण खरी गोम इथेच आहे. नस कापल्याने वेदना जाते, सूज जात नाही. हाड आतून झिजतच राहते. दुखत नाही म्हणून घोडा पाय सांभाळत नाही, जोरात आपटतो. मग कधी कंडरा तुटते, कधी हाड मोडते. खुरात खिळा घुसून पू झाला तरी मालकाला पत्ता लागत नाही. काही वर्षांनी नस पुन्हा वाढून दुखणे परतही येते. म्हणून आज हा इलाज अगदी शेवटचा मानतात आणि नस कापलेला घोडा शर्यतीत उतरवायला अनेक देशांत बंदी आहे.

१८०८ मध्ये मूरक्रॉफ्ट पुशाला आले. लष्कराला दमदार घोडे हवे होते. त्यांनी खुराकाकडे लक्ष दिले, ओटच्या लागवडीवर भर दिला. चांगल्या जातीच्या शोधात १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेशात मानसरोवर गाठले. पुढे लडाख, काश्मीर, काबूल करत १८२५ मध्ये बुखाऱ्याला पोहोचले. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंदखुई इथे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, तापाने त्यांचा अंत झाला. चांगले घोडे पुशात आणण्याचे त्यांचे स्वप्न अपुरेच राहिले.

आपल्या गोठ्यात घोडा नसेल, बैल तर आहे. बैल लंगडला की दुखणं थांबवणारं इंजेक्शन द्या आणि उद्या औताला जुंपू, अशी घाई होते. शेतकरी बंधूंनो, दुखणे थांबले म्हणजे रोग गेला असे नव्हे. आधी खूर उचलून पाहा, पत्री तपासा, सांध्याला हात लावून ऊन लागते का ते बघा. पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात की कारण विचारा आणि सांगतील तेवढे दिवस बैलाला विश्रांती द्या. वेदना ही जनावराची बोली आहे. ती बंद करण्याआधी ते काय सांगतंय ते ऐकून घ्यावे.